जादूगाराच्या हातातले नाणे

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गावच्या जत्रेत जादूचे प्रयोग तुम्ही पाहिले असतील. जादूगार रिकामा हात दाखवतो, हवेत कुठेतरी चिमूट पकडल्यासारखे करतो आणि त्याच्या बोटांच्या टोकाशी एक चकचकीत नाणे दिसू लागते. ते डब्यात टाकले की 'टण्ण' असा आवाज होतो. मग दुसरे, तिसरे, चौथे! हा खेळ फार जुना आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला टी. नेल्सन डाऊन्स (१८६७-१९३८) हा मूळचा रेल्वेतला तारबाबू. नाणी हाताळण्यात त्याने इतके प्राविण्य मिळवले, की १८९९ साली लंडनच्या पॅलेस थिएटरात त्याचे खेळ गाजले आणि 'नाण्यांचा राजा' हे बिरुद त्याला कायमचे चिकटले.

आता नाणी काही हवेतून येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला जो हात रिकामा वाटतो, त्याच्याच तळव्यात नाणे लपलेले असते. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो आणि करंगळीच्या बाजूचा तळहाताचा उंचवटा, या दोहोंच्या मध्ये नाण्याची कड धरलेली असते. बोटे मात्र मोकळीच. एवढे सांगितल्याने जादूगारांचे गुपित फोडले असे कोणी समजू नये. हे गुपित समजायला एक मिनिट लागते आणि साधायला कित्येक महिने! आपल्याला जादू शिकायची नाही. आपला प्रश्न निराळा आहे. बोटांनी न धरलेले, उलट्या हाताला लटकलेले ते नाणे खाली का पडत नाही? आणि तेच नाणे, त्याच हातातून, ऐन प्रयोगाच्या वेळी कधीकधी नेमके का निसटते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही लगेच द्याल: घर्षणामुळे. बरोबर आहे. पण घर्षण किती लागते याचा हिशेब करून पाहू या. दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे घ्या. २०११ पासूनच्या मालिकेतल्या या नाण्याचे वस्तुमान ७.७१ ग्रॅम आणि व्यास २७ मिलिमीटर आहे. म्हणजे त्याचे वजन सुमारे ०.०७६ न्यूटन झाले. हे वजन दोन बाजूंचे घर्षण मिळून पेलते. त्वचा आणि धातू यांमधला घर्षण गुणांक ०.५ आहे असे धरले, तर प्रत्येक बाजूने ०.०७६ न्यूटन इतका दाब पुरतो. म्हणजे नाण्याच्या वजनाइतकाच! एवढा दाब देताना स्नायूंना जाणीवही होत नाही.

पण आता हाताला तेल लागले आहे असे समजा. घर्षण गुणांक ०.२ वर आला, तर दाब अडीच पट लागेल. त्यातून जादूगार हात स्थिर थोडाच ठेवतो? खांद्यापासून तळव्यापर्यंतचे अंतर ६० सेंटिमीटर धरा आणि हात पाव वर्तुळातून ०.३ सेकंदात खाली आणला असे माना. हात वर्तुळात फिरवायला लागणारे त्वरण वर्तुळगतीच्या सूत्राने काढले, तर ते दर सेकंदाला दर सेकंदास सुमारे १६ मीटर येते. गुरुत्वत्वरण ९.८ त्यात मिळवा. हात खाली येतो त्या क्षणी नाणे जणू आपल्या वजनाच्या अडीच पटींहून अधिक जड झालेले असते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की स्थिर व कोरड्या हाताला लागला असता त्याच्या सहा-सात पट दाब हवा.

तुम्ही म्हणाल, मग द्यावा की जोर! सहा-सात पट झाला तरी तो अर्ध्या न्यूटनच्या आसपासच आहे. खरे आहे. परंतु इथेच खरी मेख आहे. तळव्याचे स्नायू जरा आवळले, की अंगठा आत ओढला जातो, बोटे ताठरतात, मनगटाच्या शिरा वर येतात. पुढच्या रांगेतल्या एखाद्या चौकस मुलाला लगेच संशय येतो, की या हातात काहीतरी आहे. नाणे पडणे ही जादूगाराची फजिती खरी, पण नाणे पडेल या धास्तीने ताठरलेला हात ही त्याहून मोठी. म्हणून त्याला असे नाणे आणि अशी त्वचा हवी असते, की कमीत कमी दाबात काम भागावे आणि हात सैल, सहज, रिकामाच दिसावा. नाणी स्वच्छ ठेवण्याचा खटाटोप तो करतो तो केवळ नाणे चमकावे म्हणून नव्हे.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घर्षणाचा प्रयोग लाकडी ठोकळ्यावर करतात. ठोकळ्यावर वजने वाढवत जावे, घर्षण त्याच प्रमाणात वाढत जाते, गुणांक तोच राहतो. त्वचा मात्र या नियमाला तंतोतंत जुमानत नाही. त्वचा मऊ आहे, दाबली की पसरते. दाब दुप्पट केला तर घर्षण दुप्पट होत नाही, थोडे कमीच भरते. म्हणजे घट्ट आवळण्याचा फायदा जितका वाटतो तितका मिळत नाही. हा जादूगाराला निसर्गाने दिलेला आणखी एक इशाराच म्हणायचा.

आणि त्वचेचे घर्षण सर्वांत अधिक अवलंबून असते ते ओलाव्यावर. इथे एक गंमत आहे. लाकूडतोड्या कुऱ्हाड उचलण्याआधी तळहातावर थुंकतो, हे तुम्ही पाहिले असेल. बँकेतला रोखपाल नोटा मोजताना ओल्या स्पंजला बोट लावतो. म्हणजे पाण्याने पकड वाढते. पण आंघोळीच्या वेळी ओल्या हातातून तांब्या निसटतो, ओला साबण तर हमखास सुटतो. म्हणजे पाण्याने पकड कमी होते! यांतले खरे काय?

दोन्ही खरे. अगदी कोरडी त्वचा ताठ आणि खरबरीत असते. तिच्या सूक्ष्म उंचवट्यांची टोके तेवढी नाण्याला टेकतात. बाकी सगळी पोकळी. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर थोडे पाणी शोषून घेतो तेव्हा तो मऊ होतो, नाण्याच्या पृष्ठभागाशी जुळवून घेतो, आणि प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्रफळ कितीतरी वाढते. घर्षण वाढते ते यामुळे. पण पाणी आणखी वाढले, की त्वचा आणि धातू यांच्या मध्ये पाण्याचा अखंड पापुद्रा तयार होतो. आता त्वचा धातूवर नव्हे, पाण्यावर टेकलेली असते, आणि पाण्याचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. आलेख काढलात तर तो टेकडीसारखा दिसेल: कोरड्या टोकाला खाली, मध्ये उंच, ओल्या टोकाला पुन्हा खाली. जादूगाराला या टेकडीच्या माथ्यावर उभे राहायचे असते. दवासारखा ओलावा हवा, घामाचे थेंब नकोत.

हा ओलावा येतो कोठून? तळहातावर घर्मग्रंथी दाटीने असतात. अंगावर इतरत्र त्वचेला तेलकट ठेवणाऱ्या मेदग्रंथी आढळतात. तळहातावर त्या मुळीच नसतात. तेव्हा तळहाताचे तेल हे तळहाताचे नसते! ते कपाळावरून, नाकावरून आणि केसांवरून आलेले असते. खोबरेल तेलाने चापून बसवलेल्या केसांवरून रंगमंचावर जाण्यापूर्वी एकदा हात फिरवला, की झाले. नाण्यांवर तेलाचा पातळ थर चढला म्हणून समजा. पाणी थोड्या वेळात उडून तरी जाते, तेल जात नाही. मल्लखांबाला एरंडेल चोळतात ते लाकडाचे घर्षण कमी व्हावे, अंग सोलवटू नये म्हणून. तिथे हवे असते ते इथे नको असते.

तळहाताच्या घामाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. अंगाला घाम येतो तो मुख्यतः उकाड्याने. तळहात आणि तळपाय यांना मात्र भीतीने आणि ताणानेही घाम फुटतो. परीक्षेच्या वेळी उत्तरपत्रिकेला बोटे चिकटतात, ती यामुळेच. रंगमंचावर पाय ठेवताच, नेमके नको तेव्हा, जादूगाराचे तळवे ओलावतात. नवशिक्याचे तर हमखास! घरी आरशासमोर शंभर वेळा टिकलेले नाणे प्रेक्षकांसमोर निसटते, त्याचे एक मोठे कारण हेच.

बोटांवर ज्या बारीक रेषा असतात त्यांचाही या बाबतीत उपयोग आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की काचेसारख्या न शोषणाऱ्या गुळगुळीत वस्तूला बोट टेकवले की रेषांच्या उंचवट्यांवरची घामाची छिद्रे दाबली जाऊन बंद होतात आणि जादा पाणी मधल्या खोबणींतून वाफ होऊन निघून जाते. म्हणजे बोट स्वतःच आपला ओलावा टेकडीच्या माथ्याजवळ आणून ठेवण्याचा प्रयत्न करीत असते. पण याला काही वेळ लागतो, आणि भीतीचा घाम तेवढी सवड देत नाही.

मग हाताला पावडर लावावी का? बहुतेकांना हाच उपाय सुचतो. पण कॅरम आठवा. कॅरमच्या फळीवर आपण पावडर टाकतो ती स्ट्रायकर सुळकन जावा म्हणून! तबलजी हाताला पावडर लावतो तीही हात सहज फिरावा म्हणून. अंगाला लावायच्या पावडरीतला शंखजिरे हा पदार्थ अतिशय मऊ असून त्याचे थर एकमेकांवरून घसरतात. तेव्हा चिमूटभर पावडर जादा घाम टिपून घेईल हे खरे, परंतु नंतर ती पुरती झटकली नाही तर नाणे कॅरमच्या सोंगटीसारखे पळेल. कसरतपटू हाताला पांढरी भुकटी लावतात, ती मॅग्नेशियम कार्बोनेटची. तिचे मुख्य काम ओलावा शोषण्याचे. व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ चिकट असते. तिने पकड वाढते, पण नाणी एकमेकांना चिकटू लागतात आणि सुट्या बोटांवरून सरकवायचे नाणे सरकत नाही. माझ्या मते नाण्यांच्या खेळाला राळ अगदी निरुपयोगी.

ज्यांचे हात थंडीच्या दिवसांत फार कोरडे पडतात त्यांना उलटा उपाय लागतो. चमचाभर पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब घालून ते हाताला चोळावे आणि पुरते जिरू द्यावे. ग्लिसरीन हवेतले बाष्प ओढून घेते आणि त्वचा मऊ राहते. नुसते ग्लिसरीन चोपडले तर मात्र हात चिकट-बुळबुळीत होतील.

हे सगळे तुम्हाला घरी मोजून पाहता येईल. एक लाकडी फळी टेबलावर आडवी ठेवा. तिच्यावर हाताचा पुढचा भाग उपडा न ठेवता उताणा ठेवा. कोपर फळीच्या एका टोकाशी, बोटे दुसऱ्या टोकाकडे. मधली तीन बोटे जुळवून त्यांवर दहा रुपयांचे नाणे ठेवा. आता मित्राला बोटांकडचे टोक सावकाश उचलायला सांगा. हात फळीला टेकलेलाच राहू द्या. नाणे घसरू लागले की थांबा आणि फळीने टेबलाशी केलेला कोन कोनमापकाने मोजा. या कोनाची स्पर्शज्या म्हणजेच घर्षण गुणांक. २० अंशांना तो ०.३६ येतो, ३० अंशांना ०.५८, ४० अंशांना ०.८४ आणि ४५ अंशांना बरोबर १. प्रथम हात साबणाने धुऊन, कोरडे पुसून मोजा. मग बोटांवर तोंडाची वाफ सोडून मोजा. मग पावडर लावून, पावडर झटकून, साबणाचे पाणी लावून, केसांवरून हात फिरवून मोजा. प्रत्येक वेळी नाणे धुऊन पुसायला विसरू नका, नाहीतर आधीच्या प्रयोगाचे तेल पुढच्या प्रयोगात येईल. पाच-पाच वाचने घेऊन सरासरी काढा. तुमच्या हाताची टेकडी तुम्हालाच सापडेल. ती मित्राच्या हातासारखी असेलच असे नाही.

आता नाण्याकडे वळू या. नाण्यावरचा मळ एका प्रकारचा नसतो. सर्वांत वर असतो तो हातोहात फिरताना चढलेला तेलाचा आणि धुळीचा थर. पकड बिघडवतो तो मुख्यतः हाच. तो काढायला कोमट पाणी, साधा साबण किंवा रिठ्याचे पाणी आणि जुना मऊ दातब्रश पुरे. कडेवर दाते असतील तर त्यांच्या खाचा नीट घासाव्यात, कारण तळव्यात टेकते ती कड. दात्यांचा इतिहासही मजेदार आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये लोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी चोरत. यंत्राने कडेवर नक्षी किंवा दाते पाडले की कातरलेले नाणे लगेच ओळखू येई. १६९६ साली थोर शास्त्रज्ञ न्यूटन लंडनच्या टांकसाळीत अधिकारी म्हणून गेला तेव्हा जुनी कातरलेली नाणी वितळवून नवी पाडण्याचे प्रचंड काम चालू होते. चोराला अडवण्यासाठी पाडलेल्या दात्यांत आज जादूगाराच्या तळव्याची त्वचा रुतते आणि पकड वाढते! (म्हणून गुळगुळीत कडेच्या नाण्याला कानशीने दाते पाडायला जाऊ नका. चलनातले नाणे वितळवणे, नष्ट करणे यांना कायद्याने मनाई आहे, आणि खरखरीत कडेने हातही कापेल.)

तेलाखालचा दुसरा मळ रासायनिक असतो. तो नाण्याच्या धातूप्रमाणे बदलतो. तुमच्या खिशातला रुपया लोहचुंबकाला चिकटतो का पाहा. चिकटला तर तो निष्कलंक पोलादाचा. या पोलादातल्या क्रोमियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर अतिशय पातळ, पारदर्शक आवरण धरतो आणि आतल्या लोखंडाला गंजू देत नाही. अशा नाण्याला साबणापलीकडे काही लागत नाही. पाच रुपयांचे पिवळसर नाणे निकेल-पितळेचे असते. त्यात तांबे पुष्कळ असल्याने घामातल्या मिठाने आणि हवेने ते तपकिरी पडते. घरातली तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेने घासतो त्याप्रमाणे हे नाणेही उजळते. चिंचेतले किंवा लिंबातले आम्ल तांब्याच्या ऑक्साइडला विरघळवते. पण आम्ल दात्यांच्या खाचांत राहिले तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग उमटतात, तेव्हा भरपूर पाण्याने धुवावे आणि मऊ सुती कापडाने लगेच कोरडे करावे. जुना चांदीचा रुपया काळा पडतो तो हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी. रबराच्या पट्टीत बांधून ठेवलात तर आणखी लवकर. घरात असा रुपया असेल तर त्याला हात लावू नका. नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी घासलेल्या जुन्या नाण्याची किंमत उतरते.

राख किंवा रांगोळी घेऊन नाणे घासणे मात्र सर्वांत वाईट. रांगोळीचे कठीण कण मळाबरोबर धातूही खरवडतात आणि दाते झिजतात. एक गोष्ट मात्र खरी, की काही जादूगार मुद्दाम झिजलेली जुनी नाणी वापरतात. झिजलेली नाणी एकमेकांवरून गुपचूप सरकतात. नव्या नाण्यांच्या धारदार नक्षीचा आवाज होतो, आणि रिकाम्या हातातून आवाज आला तर खेळ संपला! तेव्हा चमक, पकड आणि मुकेपणा या तिन्ही गोष्टी एकाच नाण्यात पुरेपूर मिळत नाहीत. कड दातेरी पण तोंडे गुळगुळीत झालेली, असे नाणे उत्तम.

प्रयोगाच्या दिवशी नाणी आदल्या रात्री धुऊन सुती रुमालात गुंडाळून ठेवावीत. किल्ल्यांच्या आणि शेंगदाण्यांच्या खिशात नव्हेत. हात साबणाने धुवावेत, पण प्रवेशाच्या अगदी तोंडावर नव्हे. साबणाने त्वचा कोरडी पडते आणि तिचा नेहमीचा ओलावा परत यायला थोडा वेळ द्यावा लागतो. मग भजी नाहीत, केसांना हात नाही, चेहऱ्याला हात नाही. खिशात कोरडा सुती रुमाल असावा. घाम टिपण्यासाठी रुमालातून काहीतरी गायब करण्याचा एखादा छोटा खेळ मध्येच घालता येतो. प्रेक्षकांना तो खेळ वाटतो आणि जादूगाराचे हात पुसून होतात. प्रेक्षकांकडून मागून घेतलेले नाणे सर्वांत बेभरवशाचे. त्यावर किती हातांचे तेल आहे कोणास ठाऊक! ते सर्वांना दाखवण्याच्या मिषाने रुमालात धरून पुसून घ्यावे.

आणखी एक सांगायचे आहे, आणि ते गमतीचे नाही. तोंडातून नाणी काढण्याचे खेळ रस्त्यावर पाहायला मिळतात. त्यांची नक्कल कधीही करू नका. नाणे घशात अडकले तर श्वास कोंडू शकतो. आणि लहान भावंडाच्या हाती सरावाची नाणी पडू देऊ नका. शिवाय नाणी हजारो हातांतून येतात. तांब्याच्या मिश्रधातूंवर पुष्कळ जंतू काही तासांत मरतात हे सिद्ध झाले आहे, पण पोलादी रुपयात हा गुण नाही, आणि तांब्याच्या नाण्यावरही मळाचा थर असला तर जंतूंना त्याचा आडोसा मिळतो.

सराव संपला की हात धुण्यापूर्वी तळवा एकदा हुंगून पाहा. ओलसर, धातूसारखा वास येईल. हा धातूचा वास असे आपण म्हणतो, पण धातू काही उडून नाकात जात नाही. २००६ साली जर्मन व अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की लोखंडाला घामट हात लागला की धातूचे आयन सुटतात आणि त्वचेवरच्या तेलकट द्रव्यांचे त्यांच्यामुळे विघटन होते. त्यातून निघणाऱ्या कार्बनी संयुगांचा तो वास असतो. नाण्याचा म्हणून जो वास येतो, तो आपल्याच कातडीचा असतो.